खूण जुळते

१

सन १९५३, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, कार्तिक वद्य पक्ष. शरद सरत आला होता, पहाटे गारठा पडू लागला होता आणि कोल्हापूरच्या आसमंतात गुऱ्हाळे पेटली होती. सोमवार, दिनांक २३ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास माझा धाकटा भाऊ त्र्यंबक याची मोटार शाहूपुरीच्या एका वळणावर जी थांबली ती हँडल मारूनही पुन्हा सुरू होईना. हे तपशील मी नेमके देते, कारण पुढे जे सांगावयाचे आहे त्यात नेमके असे फारच थोडे आहे.

त्र्यंबक साताऱ्यास वकिली करीत असे. वय पंचेचाळीस, पत्नी निवर्तलेली, एकुलती मुलगी मीनाक्षी लग्नाची. तिच्यासाठी मंगळवार पेठेतील एक स्थळ सांगून आले होते आणि गुरुवारी दुपारी चार वाजता त्यांच्या घरी आम्ही जावयाचे ठरले होते. मुलीला आधी आणावयाचे नाही, वडीलधाऱ्यांनी घर पाहावयाचे, असा माझा आग्रह. कोल्हापूर आम्हा दोघांनाही अपरिचित. मोटारही दोन महिन्यांपूर्वी घेतलेली, जुनी.

बॅटरी चार्जिंगचे दुकान हाकेच्या अंतरावर निघाले. मालक केरबा म्हणून होता. त्याच्या सदऱ्याला आणि धोतराला तेजाबाने चाळणीसारखी भोके पाडलेली होती. आत लाकडी बाकावर मोटारींच्या आणि खेड्यांतून आलेल्या रेडिओंच्या बॅटऱ्या ओळीने मांडल्या होत्या. त्यांची बुचे काढलेली, वायरी एकीतून दुसरीत गेलेल्या, आणि सगळ्यांतून मिळून एक बारीक रटरट चाललेली, झाकण ठेवलेल्या भातासारखी.

"पार निजलीया," केरबाने निर्वाळा दिला. "चोवीस तास लावाय लागंल. गडबड केली तर आतल्या प्लेटी वाकत्यात. पावणं, ह्यो खडू घ्या, बाजूवर नाव लिवा. तुमच्या हातानं."

"तुम्हीच लिहून घ्या की," त्र्यंबक म्हणाला.

"मला कुठलं येतंय लिवाय? शाळंची पायरी चढलो न्हाय, पर डोळं हायती. न्यायला याल तवा पाटीवर परत नाव लिवायचं. खूण जुळली तर बॅटरी तुमची. अठरा वरसात माझ्या दुकानातनं येक बी बॅटरी दुसऱ्याच्या गाडीत गेली न्हाय."

"नाव जोडाक्षराचे आहे," मी म्हणाले.

"असूंदे की, बाई. आमाला ते चित्रच हाय."

त्र्यंबकाने हसून खडू घेतला. तो माझ्याकडे पाठ करून लिहीत होता. काय लिहिले ते मी पाहिले नाही. मग केरबाने ती बॅटरी उचलून बाकाच्या टोकाला ठेवली. मोटार आम्ही हमालांकडून ढकलत, उतरलो होतो त्या लॉजच्या अंगणात नेली.

२

येथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. मी सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आले तेव्हा त्र्यंबक दोन वर्षांचा होता, आणि आई त्याच साली गेली. त्याला मी वाढविले. मी मॅट्रिकचा अभ्यास करीत असे आणि तो माझ्या शेजारी बसून पाटीवर आपले नाव गिरवीत असे. त्र्य हे अक्षर त्याला साधता साधेना. सबंध एक महिना तो 'त्रिंबक' असे लिहीत होता, आणि ब या अक्षराच्या पोटातील तिरपी रेघ उलटीकडे ओढीत होता. प्रत्येक वेळी पाटी पुढे करून विचारी, "अक्का, बरोबर आला का?" अखेर एके दिवशी त्र्य बरोबर आला. पुढे तीस वर्षे मी मुलींच्या शाळेत शिकविले, पण त्या दिवसासारखा आनंद पुन्हा झाला नाही.

मंगळवारी दुपारी त्र्यंबक इथल्या एका स्नेही वकिलांकडे गेला होता, म्हणून बॅटरी आणावयास टांगा करून मीच गेले. केरबा माल आणावयास बाहेर गेला होता. दुकानात त्याची बायको झुंबरबाई गहू निवडत बसली होती.

बाकावरच्या बॅटऱ्यांवर निरनिराळी नावे होती. मला हवे ते नाव दिसेना. मग बाकाखाली, कोपऱ्यात, धुळीत एक बॅटरी दिसली. तिच्या बाजूवर खडूने लिहिले होते: त्रिंबक. ब च्या पोटातली रेघ उलटी.

मला प्रथम आश्चर्य वाटले नाही, राग आला. हायकोर्टाची सनद असलेला माणूस, आणि हे अक्षर! थट्टा केली असावी, असे मनात आले. मी हातरुमाल ओला करून ते नाव पुसले.

"आवं बाई, ऱ्हाऊंदे की," झुंबरबाई सूप बाजूला ठेवीत म्हणाली. "हाय तसं असूंदे."

"चुकीचे नाव असण्यापेक्षा नाव नसलेले बरे," मी म्हणाले, आणि खडू घेऊन स्वच्छ, वळणदार अक्षरांत लिहिले: त्र्यंबक.

लिहिताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. त्या बॅटरीला कोणतीही वायर लावलेली नव्हती. आणि तरीही तिच्यातून रटरट येत होती. वायर नुकतीच काढली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मला त्या शास्त्रातले काय कळत होते?

झुंबरबाईने पाटी पुढे केली. मी तेच नाव तसेच लिहिले. तिने डोळे बारीक करून एकदा पाटीकडे, एकदा बॅटरीकडे पाहिले.

"तळाची हाय ही," ती पुटपुटली. "आमचं मालक तळाच्याला हात लावत न्हाईत. पर खूण तर जुळतीया. न्या."

जुळणारच. दोन्ही अक्षरे माझीच होती.

टांगेवाल्याने बॅटरी उचलून आणली. लॉजच्या अंगणात त्र्यंबकाने पक्कड घेऊन ती बसविली, तेव्हा मी त्याला बोलावयाचे ते बोलले.

"अक्का, मी त्र्यच लिहिला होता," तो खो खो हसत म्हणाला. "ऱ्हस्व दीर्घाला घाबरणारा सबंध जिल्ह्यात मीच एकटा वकील आहे, तो तुझ्यामुळे!"

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिले."

"मग तुझ्या चष्म्याचा नंबर बदलला. मीनाक्षीच्या सासऱ्यांना आधीच सांगून ठेवू, की आत्याबाई सोयरिकीच्या पत्रातही चुका काढतील."

इतके बोलून त्याने किल्ली फिरविली. मोटार लगेच सुरू झाली. स्टार्टरचे बटण त्याने दाबलेले मी पाहिले नाही. परंतु मी बोनेटच्या बाजूस उभी होते, हेही खरे.

३

बुधवारी सकाळी मी व्हरांड्यात वाचीत बसले असता अंगणातून मोटारीचा हॉर्न ऐकू आला. दोनदा, आखूड. साताऱ्यास कोर्टातून परत आला की त्र्यंबक फाटकाशी असाच हॉर्न वाजवी, मग मी कडी काढावयास जाई. मी सवयीने उठले, आणि उठल्यावर ध्यानात आले की त्र्यंबक माझ्या शेजारीच खुर्चीवर बसून चहा पीत होता. अंगणात मोटार रिकामी उभी होती.

"हॉर्न कोणी वाजवला?"

"वायर चिकटली असंल," तो बशीतून चहा ओढीत म्हणाला.

तो बशीतून चहा पीत नसे.

दुपारपर्यंत आणखी दोन वेळा हॉर्न वाजला. दोन्ही वेळा मी खिडकीतून पाहिले. दोन्ही वेळा अंगणात कोणी नव्हते. मी गणित घेऊन मॅट्रिक झालेली बाई आहे; तारेचा दोष पुन्हा पुन्हा त्याच मापाने येऊ शकतो, हे मला मान्य आहे. पण मला दुपारची झोप लागली नाही. व्हरांड्यातून खोलीत, खोलीतून व्हरांड्यात, अशा माझ्या किती फेऱ्या झाल्या ते सांगता येणार नाही.

लहान लहान गोष्टी मी मनाशी मांडीत होते. त्र्यंबक दारातून आत येताना मान वाकवू लागला होता. लॉजची दारे उंच होती. त्र्यंबकाहूनही हातभर उंच. ही सवय त्याला तेव्हा जडली ती आजतागायत गेलेली नाही. जेवताना वाढप्याने "भात?" म्हणून विचारले तर हा म्हणाला, "व्हय." मी टवकारून पाहिले. तो हसला नाही. थट्टा करणारा माणूस थट्टेनंतर हसतो; त्र्यंबक तर थट्टेच्या आधीच हसत असे.

संध्याकाळी लॉजच्या व्यवस्थापकाने रजिस्टरमध्ये सही राहिली म्हणून आठवण केली. त्र्यंबकाने सही केली. मी त्याच्या खांद्यावरून पाहिले.

"पुरे आता, त्र्यंबक," मी म्हणाले. "ही चेष्टा मला आवडलेली नाही."

"कसली चेष्टा?" त्याने विचारले. त्याला खरोखरच कळले नव्हते. तो त्या अक्षरांकडे, त्या उलट्या रेघेकडे, आपलेच नाव पाहावे तसा पाहत होता.

४

गुरुवारी साडेतीन वाजता आम्ही मंगळवार पेठेत जावयास निघालो. मी मीनाक्षीचा फोटो आणि पत्रिका पिशवीत घेतली होती. त्र्यंबकाने रस्ता कोणाला विचारला नाही. गर्दीतून, बैलगाड्यांमधून तो असा मोटार काढीत होता की जणू बालपण येथेच गेले. पाहता पाहता घरे विरळ झाली, उजव्या हाताला रंकाळा चकाकला आणि मागे पडला.

"हा मंगळवार पेठेचा रस्ता नव्हे."

"राधानगरीचा हाय."

"चार वाजता ते लोक वाट पाहतील!"

"घरची बी वाट बघत्यात की," तो म्हणाला.

दोन्ही बाजूंना उभा ऊस होता. गुऱ्हाळाचा धूर रस्त्यावर आला होता आणि काकवीचा गोड वास मोटारीत कोंडला होता. मी त्याला थांबावयास सांगितले, हाताला धरले, अखेर रागावले. त्याने शांतपणे माझा हात बाजूला केला, वाटेत कोणा परक्या बाईला उतरवून द्यावे लागेल की काय, असा विचार करणाऱ्या माणसासारखा.

मोटार एका कौलारू घरापुढे थांबली. दारात म्हैस बांधलेली होती. ओसरीवर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर केली, पण ती दचकली नाही.

"आलास व्हय?" ती म्हणाली. "हातपाय धू जा."

त्र्यंबक कोट मोटारीतच टाकून सरळ घराच्या मागच्या बाजूस गेला. पाण्याचा आवाज आला. तेथे पाणी असते हे त्याला कसे ठाऊक? मग तो परत आला, आणि त्या अतिशय बुटक्या दारातून, अंधारात, कपाळाला काही न लागू देता मान वाकवून आत गेला.

"बसा की, बाई," म्हातारी मला म्हणाली. "तुमीच सोडाय आलासा व्हय ह्येला? लई उपकार झालं. रोज ताट झाकून ठेवतो मी. तीन वरसं झाली. लोकं हसत्यात."

मला तिचा राग यावा अशी माझी इच्छा होती. आला नाही.

मी दाराशी जाऊन आत पाहिले. चुलीच्या उजेडात त्र्यंबक उकिडवा बसून भाकरी मोडीत होता. मी हाक मारली. "त्र्यंबक!" त्याने वर पाहिले नाही. पुन्हा मारली, शाळेत मारीत असे त्या आवाजात. भाकरी मोडण्याचा हात थांबला नाही.

तेवढ्यात माझ्या मागे हॉर्न वाजला. दोनदा, आखूड.

मी वळले. मावळतीचे ऊन मोटारीच्या काचेवर आले होते, म्हणून मी जे पाहिले ते शपथेवर सांगावयाचे झाल्यास मी सांगणार नाही. मोटारीत, स्टिअरिंगच्या चक्रामागे, कोट घातलेला कोणीतरी बसला होता. दोन्ही हात चक्रावर. तोंड माझ्याकडे. ओठ हलत होते, आणि ते कोणता शब्द उच्चारीत होते ते मला कळले, कारण त्रेचाळीस वर्षे तो शब्द मी ऐकत आले होते. आवाज मात्र नव्हता. मग ढग आला असावा. काच काळी झाली. मी धावत गेले तेव्हा सीटवर कोट पडलेला होता, बाह्या चक्राकडे पसरून.

मी पुन्हा दाराशी आले. आयुष्यात जे तोंडातून काढले नव्हते ते नाव काढले.

"त्रिंबक," मी म्हणाले.

तो लगेच उठून बाहेर आला. ओठ पुसून त्याने अदबीने विचारले,

"काय पायजे, बाई?"

५

मी त्याला परत कसे आणले ते सांगण्याजोगे नाही. मला लॉजवर पोहोचवून ये, एवढीच विनवणी केली, आणि म्हातारी म्हणाली, "जा, सोडून ये त्यास्नी. आलास तसा ये." तिने त्याच्या पाठीवरून हात फिरविला. मंगळवार पेठेचा मुहूर्त टळला होता. ते स्थळ त्या दिवशीच मोडले. मीनाक्षीला पुढे दुसरीकडे दिले.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी त्याला केरबाच्या दुकानी मोटार न्यावयास लावली. बॅटरी बदलावयाची आहे म्हणाले.

"का? ती माझीच हाय," तो म्हणाला. पण आला.

केरबाने बोनेट उघडले आणि हातातली पक्कड खाली ठेवली.

"ही कुणी दिली?"

झुंबरबाई आतून म्हणाली, "खूण जुळली व्हती."

"नाव मी पुसले," मी म्हणाले. "चुकले होते म्हणून सुधारले."

केरबाने बाकाच्या टोकाची बॅटरी फिरविली. भिंतीकडच्या बाजूवर त्र्यंबकाच्या वकिली अक्षरात नाव होते, ओलीने पुसट झालेले: त्र्यंबक. सोमवारपासून ती तेथेच होती. मी ती फिरवून पाहिली असती, तर.

"तळाची कुणाची आहे?"

"तीन वरसामागं येक गडी लावून गेला. आलो की, म्हणाला. आला न्हाय. मी ती कुणाला देत न्हाय, मोडीत बी टाकत न्हाय. नाव लिवल्यालं हाय म्हटल्यावर माणूस येणारच की." तो मोटारीशी टेकून उभ्या असलेल्या माझ्या भावाकडे बघत नव्हता, मुद्दाम बघत नव्हता. "बाई, व्हतं तसं लिवा. पुसलं तुमी, लिवायचं बी तुमीच. मला न्हाय येत."

त्याने बॅटरी काढली, बाकाखाली कोपऱ्यात ठेवली आणि माझ्या हाती खडू दिला. मी गुडघे टेकून बसले. पहिल्या खेपेस माझ्या हाताने 'त्र्यंबक' लिहिले. पुसले. दुसऱ्या खेपेस पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस मी डोळे मिटले आणि सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून लिहावे तसे लिहिले. डोळे उघडले तेव्हा त्रिंबक लिहिलेले होते. उलट्या रेघेसकट.

आतली रटरट थांबली.

"आता पावण्यास्नी लिवू द्या," केरबा म्हणाला. "नियम हाय."

त्याने पाटी माझ्या भावाच्या हातात दिली. तो ती घेऊन उंबऱ्यावर बसला. खडू बोटांत धरून तो किती तरी वेळ नुसता बसून होता. मला मदत करावयाची नव्हती, मी हात पदरात गुंडाळून घेतले. मग त्याने लिहावयास प्रारंभ केला. त काढला. थांबला. कपाळाला घाम आला. त्र केला, आणि त्याला य जोडावयास जिभेचे टोक दातात धरून इतका जोर केला की खडू मोडला. उरल्या तुकड्याने त्याने नाव पुरे केले आणि पाटी माझ्यापुढे धरली.

"अक्का," तो म्हणाला, "बरोबर आला का?"

त्र्यंबक. एकही चूक नव्हती. फक्त ब च्या पोटातली रेघ उलटी होती.

केरबाने पाटी घेतली, बाकावरच्या बॅटरीपाशी नेली, उजेडात धरली. दोन्ही नावांवरून त्याचे डोळे चार वेळा इकडून तिकडे गेले.

"खूण जुळत न्हाय, बाई," तो हलकेच म्हणाला. "नाव त्येच असंल, मला कळत न्हाय. पर हात त्यो न्हवं."

मी थांबा म्हटले असते, तर केरबा थांबला असता. आणखी काही उपाय असता, तर त्याने केला असता. मला ते दिसत होते. पण समोर पाटी धरलेल्या त्या माणसाने मला अक्का म्हटले होते, आणि तो उत्तराची वाट पाहत होता. घरी मीनाक्षी वडिलांची वाट पाहत होती. नापास केले, तर मी साताऱ्यास कोणाला नेणार होते?

"जुळते," मी म्हणाले. "खूण जुळते. गाडीत ठेवा."

केरबाने बॅटरी उचलली. माझा भाऊ आनंदाने उठला आणि मान वाकवून दुकानाच्या उंच दारातून बाहेर पडला. त्याच्या मागोमाग मी निघाले, तेव्हा बाकाखाली, कोपऱ्यात, बुडबुडे फुटल्याचा आवाज झाला. दोनदा, आखूड.

हे प्रकरण शुक्रवार, दिनांक २७ नोव्हेंबर १९५३ रोजी सकाळी अकराच्या आत मिटले.